लोकमान्य टिळक : चरित्र सांगताना शब्द कोणते वापरावेत?



१ ऑगस्टला आपल्या शाळांत टेबलावर दोन फोटो ठेवलेले असतात. एक लोकमान्य टिळकांचा आणि दुसरा अण्णा भाऊ साठे यांचा. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि त्याच दिवशी अण्णा भाऊंचा जन्म झाला. त्या दिवशी मुलं टिळकांवर भाषणं करतात. बहुतेक भाषणांत शेंगांच्या टरफलांची गोष्ट, स्वराज्याची घोषणा आणि भारतीय असंतोषाचे जनक ही पदवी, एवढं हमखास येतं.

पण वर्गातली सगळी मुलं एकाच घरातून येत नाहीत. एका घरात टिळक म्हणजे देव, तर दुसऱ्या घरात टिळक म्हणजे बहुजनांना आणि मुलींना शिक्षणापासून दूर ठेवू पाहणारा पुढारी. सातवी-आठवीतलं एखादं मूल उभं राहून विचारतं, सर, हे खरं आहे का? तेव्हा गप्प बसणं किंवा विषय बदलणं हे उत्तर होत नाही. म्हणून या लेखात टिळकांचं चरित्र थोडक्यात बघू या, आणि ते सांगताना कोणता शब्द कुठून आला हेही बघू या.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, पुढे शिक्षण खात्यात अधिकारी झाले. १८६६ साली त्यांची बदली पुण्याला झाली आणि कुटुंब पुण्यात आलं. आई लवकर गेली. १८७२ साली, टिळक सोळा वर्षांचे असताना वडीलही गेले. पुढे डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि १८७९ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. गणित हा त्यांचा आवडता विषय. सरकारी नोकरी सहज मिळाली असती, पण ती त्यांनी धरली नाही.

टिळक आणि आगरकर : एकाच शाळेचे दोन शिक्षक

जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि माधवराव नामजोशी ही सुरुवातीची मंडळी. गोपाळ गणेश आगरकर एम. ए. होऊन त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत केसरी हे मराठी आणि मराठा हे इंग्रजी वृत्तपत्र निघाले. केसरीचे पहिले संपादक आगरकर होते, हे मुलांना आवर्जून सांगा. पुष्कळांना ते ठाऊक नसतं. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धच्या मजकुरावरून १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात एकत्र होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं.

मग मतभेद वाढले. आधी समाज सुधारायचा की आधी राज्य मिळवायचं, हा तो वाद. आगरकरांनी १८८७ मध्ये केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी सुधारक काढला. टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले. १८९५ साली आगरकर अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारले.

इथे पुस्तकांत दोन शब्द येतात, सुधारक आणि सनातनी. आगरकरांच्या बाबतीत पहिला शब्द बरोबर बसतो, कारण तो त्यांनी स्वतःच्या पत्रालाच दिला होता. दुसरा शब्द टिळकांना लावताना मात्र जपून. का, ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

संमतिवयाचा वाद

कलकत्त्यात फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीचा नवऱ्याच्या बळजबरीमुळे मृत्यू झाला. त्यानंतर सरकारने १८९१ मध्ये संमतीचे वय दहावरून बारावर नेणारा कायदा केला. टिळकांनी केसरीतून त्याला कडाडून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात आणि घरात कायद्याने हात घालू नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. याच सुमारास त्यांनी सुधारकांपुढे उलटा प्रस्ताव ठेवला होता. मुलींची लग्नं सोळाव्या वर्षाआधी आणि मुलग्यांची विसाव्या वर्षाआधी करायची नाहीत, हुंडा घ्यायचा नाही, विधवांचं केशवपन करायचं नाही, अशा अटी ज्यांना मान्य असतील त्यांनी त्या स्वतःवर बंधनकारक करून घ्याव्यात, असा तो प्रस्ताव.

आता हे कसं लिहायचं? टिळक बालविवाहाचे समर्थक होते असं लिहिलं तर प्रस्ताव गळतो. टिळकांचा विरोध फक्त परक्या सरकारला होता असं लिहिलं तर दुसरंच काही गळतं. हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेतल्या अभ्यासक्रमावर मराठा पत्राने केलेली टीका, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर केसरीने धरलेला रोख, आणि आयुष्याच्या शेवटी पुण्यात सक्तीच्या शिक्षणाची चर्चा चालू असताना आधी मुलग्यांना सक्ती करा ही त्यांची भूमिका. यांतलं शेवटचं उदाहरण परक्या सरकारच्या कायद्याचं नव्हतं, आपल्याच नगरपालिकेतलं होतं. दोन्ही गोष्टी सालासह लिहिल्या की वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं.

उत्सव, प्लेग आणि पहिला राजद्रोह खटला

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. त्याच सुमारास पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक स्वरूपात सुरू झाला आणि टिळकांनी तो केसरीतून उचलून धरला. १८९६ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा उत्सव झाला. लोक एकत्र यावेत, राजकारण वाड्यांतून चौकात यावं, हा या उत्सवांचा हेतू असं त्यांचे चाहते सांगतात. मोहरमच्या ताबुतांपासून हिंदूंना वेगळं काढण्याचा हा प्रयत्न होता असं टीकाकार सांगतात. या दोन्ही गोष्टींची चर्चा तेव्हापासूनच चालू आहे.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. घरझडती आणि विलगीकरणाच्या कामात गोऱ्या शिपायांनी केलेल्या जुलमामुळे लोक चिडले होते. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. बघा, हे वाक्य मी गोळी झाडली असं लिहिलं. आपल्या पुस्तकांत याला वध म्हणतात, इंग्रज सरकारच्या कागदांत हा खून आहे, आणि हल्लीची वृत्तपत्रं हत्या म्हणतील. एकच घटना, तीन शब्द, आणि प्रत्येक शब्दात निकाल आधीच दिलेला आहे.

टिळकांचा या कटाशी संबंध सिद्ध झाला नाही. पण शिवोत्सवाच्या संदर्भात केसरीत आलेल्या मजकुरावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन भारतीयांनी निर्दोष. दीड वर्षाची शिक्षा झाली, ती पुरी होण्याआधी सप्टेंबर १८९८ मध्ये सुटका झाली.

मंडाले

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य हा कार्यक्रम टिळकांनी गावोगाव नेला. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. तेव्हापासून जहाल आणि मवाळ हे शब्द रूढ झाले. मुलं ते पाठ करतात, पण मवाळ या शब्दात किंचित हिणवणं आहे हे त्यांना सांगायला हवं. गोपाळ कृष्ण गोखले यांचं काम त्या एका शब्दात मावत नाही.

१९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर केसरीत आलेल्या अग्रलेखांवरून दुसरा मोठा खटला झाला. टिळकांनी स्वतः सुमारे २१ तास बचाव केला. सरकारने केलेलं मराठी लेखांचं इंग्रजी भाषांतरच चुकीचं आहे, हा त्यांचा एक मुद्दा होता. म्हणजे शब्दांवरून वाद तेव्हाही होता, आणि त्यावर सहा वर्षांचा तुरुंग अवलंबून होता! सात ज्युरर दोषीच्या बाजूने, दोन विरुद्ध. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. याच दावरांनी १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी काम केलं होतं. शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लोकमान्य या शब्दाचा अर्थ मुलांना समजावायचा असेल तर हा संप सांगा.

मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहून झालं. तिथे असतानाच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई वारल्या. जून १९१४ मध्ये सुटका झाली.

शेवटची सहा वर्षे

१९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन झाली आणि त्याच वर्षी लखनौ करार झाला. मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ देण्याला टिळकांनी मान्यता दिली आणि त्यासाठी आपल्याच बाजूच्या लोकांची नाराजी पत्करली. उत्सवांवरून त्यांना ठरावीक साच्यात बसवणाऱ्यांनी हे पानही वाचावं.

तसंच दुसरं पानही वाचावं लागतं. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात केसरीने १९०१ मध्ये शाहू महाराजांच्या विरोधी बाजू घेतली. मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत भरवलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केलं, पण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही या प्रतिज्ञापत्रावर सही केली नाही. आणि १९२० मध्ये मूकनायकची जाहिरात पैसे देऊनही केसरीने घेतली नाही, हे डॉ. आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवलं आहे. ज्या घरात या गोष्टी सांगितल्या जातात ते घर खोटं बोलत नाही, हे वर्गातल्या त्या मुलाला शिक्षकाच्या तोंडून कळायला हवं. आणि मंडालेची सहा वर्षंही खोटी नाहीत, हेही त्याला कळायला हवं.

असंतोषाचे जनक ही पदवी दिली कोणी?

आता त्या प्रसिद्ध पदवीकडे येऊ. ती टिळकांना कोणा चाहत्याने दिली नाही. लंडनच्या टाइम्सचे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये हिंदुस्थानातल्या अशांततेवर पुस्तक लिहिलं, त्यात टिळकांवर हा आरोप म्हणून ठेवला. टिळक तेव्हा मंडालेत होते. सुटल्यावर त्यांनी चिरोलवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो या पदवीवरून नव्हता, तर ताईमहाराज प्रकरण आणि राजकीय खुनांशी जोडलेला संबंध अशा ठरावीक विधानांवरून होता. ताईमहाराज प्रकरणात टिळकांची बाजू १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मान्य केलेली होती. तरीही १९१९ च्या फेब्रुवारीत लंडनच्या ज्युरीने निकाल चिरोलच्या बाजूने दिला. टिळकांना खर्चाचा मोठा भुर्दंड बसला.

कोर्टात चिरोल जिंकले, पण शब्द त्यांच्या हातात राहिला नाही. आरोप म्हणून छापलेले शब्द आपण आज गौरव म्हणून फळ्यावर लिहितो. शब्द तेच राहिले, बोलणारा बदलला.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात टिळकांचं निधन झालं. गिरगाव चौपाटीवर अफाट जनसमुदायाच्या साक्षीने अंत्यसंस्कार झाले.

वर्गात काय करता येईल?

निःपक्षपाती लिहिणं म्हणजे थोडी स्तुती, थोडी निंदा असं मोजून वाढणं नव्हे. सगळे शब्द मिळमिळीत करून टाकणं तर नव्हेच. पुढच्या गोष्टी करून पाहता येतील.

१. प्रत्येक पदवीपुढे मुलांना लिहायला सांगा : ही कोणी दिली? केव्हा? कौतुकाने की रागाने?

२. थोर, महान, प्रतिगामी असे शब्द खोडून त्या जागी एक घटना आणि साल लिहायला सांगा. महान लिहिण्याऐवजी गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप, प्रतिगामी लिहिण्याऐवजी संमतिवय कायद्याला १८९१ मध्ये केलेला विरोध.

३. एकाच घटनेवर दोन गट करा. एक गट आगरकरांच्या बाजूने, दुसरा टिळकांच्या बाजूने पाच ओळी लिहील. मग वह्या बदलून घ्या आणि समोरच्या गटाचं म्हणणं बरोबर मांडलं आहे का, ते त्याच गटाकडून तपासून घ्या.

४. पालकांनी घरी मुलांशी बोलताना आपलं मत जरूर सांगावं, पण ते मत आहे असं सांगून सांगावं.

तिसरा उपक्रम सहावीपासून पुढे चांगला जमतो. एक तासिका पुरत नाही, दोन ठेवा.