ज्यांनी दास केले, त्यांच्याकडेच परत

दरवर्षी १७ मार्च रोजी आयर्लंडचा सुवार्तिक पॅट्रिक याची आठवण केली जाते. त्याने त्या देशातून साप हाकलून लावले अशी दंतकथा सर्वश्रुत आहे. ती आम्ही बाजूस ठेवतो. पाचव्या शतकातील या सेवकाची दोन लॅटिन लिखाणे टिकून राहिली आहेत, एक आत्मनिवेदन व दुसरे पत्र. त्यांतून दिसणारा माणूस दंतकथेहून थोर आहे.

पॅट्रिक मूळचा ब्रिटनचा. वडील कॅल्पोर्नियस मंडळीत डीकन होते, तर आजोबा पोतितस प्रेस्बितर. घर ख्रिस्ती होते, पण मुलाला देवाची ओळख नव्हती व पाळकांची शिकवण तो मानीत नसे. तो जेमतेम सोळा वर्षांचा असताना लुटारूंनी त्याला इतर असंख्य लोकांबरोबर धरून आयर्लंडात नेले. तेथे सहा वर्षे तो दास होता. थंडीपावसात मेंढरे राखताना तो दिवसाकाठी शंभर वेळा आणि रात्रीही जवळजवळ तितक्याच वेळा प्रार्थना करू लागला. त्याच्या निवेदनात लुटारूंना शिव्याशाप नाहीत. आपण देवापासून दूर गेलो, म्हणून हे भोगणे आले, एवढेच तो म्हणतो. पश्चात्तापाची खूण हीच की, माणूस दुसऱ्याचा हिशेब सोडून स्वतःचा मांडतो.

पुढे एका रात्री झोपेत त्याला वाणी ऐकू आली की, तुझे तारू तयार आहे. तो धन्याकडून निसटला, सुमारे दोनशे मैल चालून किनाऱ्यास पोहोचला आणि काही वर्षांनी घरच्यांना भेटला. आता आम्हांला सोडून जाऊ नकोस, अशी त्यांनी गळ घातली. परंतु स्वप्नात त्याने एक पुरुष पत्रे घेऊन येताना पाहिला, आणि पश्चिम समुद्राकाठचे आयरिश लोक आपल्याला परत बोलावीत आहेत असे ऐकले.

येथे आम्हांला योनाची आठवण होते. निनवेवर दया व्हावी हेच त्याला नको होते, म्हणून तो उलट दिशेच्या तारवात चढला. पॅट्रिकजवळ तर नकार देण्यास सहा वर्षांच्या गुलामगिरीचे कारण होते. तरी तो गेला. पोरवयातील एक पाप उकरून काढून वडीलजनांनी त्याच्या अध्यक्षपदास हरकत घेतली, तरी त्याने काम सोडले नाही. त्याने हजारोंचा बाप्तिस्मा केला. स्त्रिया वेदीवर दागिने ठेवीत, ते तो परत करी.

नंतर ब्रिटनचा सरदार कोरोतिकस याच्या शिपायांनी नुकताच बाप्तिस्मा झालेल्या कित्येकांना ठार केले व कित्येकांना धरून नेले. हा सरदार नावाचा ख्रिस्ती होता. बंदिवान सोडा, असे पॅट्रिकने कळविले, तेव्हा शिपायांनी त्याच्या माणसांची टर उडविली. मग त्याने खुले पत्र लिहिले. अशांच्या पंक्तीस बसू नका, असे त्याने विश्वासणाऱ्यांना बजावले, पण पश्चात्ताप करून बंदिवानांना सोडण्याचे दार त्या खुन्यांसाठीही उघडे ठेवले. एकेकाळी दास झालेला हा मनुष्य आता आयरिश लोकांना आपले म्हणत होता आणि त्यांच्यासाठी स्वदेशीयांशी भांडत होता.

वाचकहो, दूरच्या अनोळखी लोकांसाठी प्रार्थना करणे आपल्याला जड जात नाही. ज्यांनी आपले नुकसान केले, त्यांच्या दारी देवाची दया घेऊन जाणे मात्र जड जाते. आपल्या प्रत्येकाचे असे एक निनवे असते. ते कोणते, हे आपण प्रभूपुढे बसून स्वतःला विचारू या, आणि तारू उलट दिशेला निघण्याआधीच विचारू या.