पदवी नसलेला प्राध्यापक

आमच्या वस्तीतील विहारात दर पौर्णिमेला वंदना होते. लहानपणापासून मी आईचे बोट धरून तेथे जात आले. अक्षरओळख होण्यापूर्वीच त्रिसरण आणि पंचशील मला पाठ झाले होते. परंतु आपण म्हणतो त्या गाथांची भाषा कोणती, ती इतकी शतके कोणी जपली, आपल्या महाराष्ट्रात ती पुन्हा कोणी शिकविली, हे प्रश्न मला कधी पडलेच नाहीत. बारावीनंतर लग्न झाले, संसार सुरू झाला आणि पुस्तके माळ्यावर गेली. आठ वर्षांनंतर हदगावच्या महाविद्यालयात बी. ए.च्या वर्गात येऊन बसले, तेव्हा शेजारच्या बाकावरील मुली मला ताई म्हणू लागल्या. आता या वयात शिकून काय करणार, नोकरी कोण देणार, असे घरीदारी पुष्कळांनी विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ हे १९२४ सालचे आत्मचरित्र हाती आले आणि मी उत्तर शोधू लागले. त्यांच्या जीवनाची ओळख माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना करून द्यावी, एवढ्यासाठी हा लेख.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या खेड्यात झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगीजांचे राज्य होते. घरी नारळीची बागायत होती, पण श्रीमंती नव्हती. गावातील मराठी शाळेत जे काही शिक्षण झाले तेवढेच. पुढे शिकण्याची सोय नव्हती, प्रकृतीही धड नव्हती. तेव्हाच्या रीतीप्रमाणे लहान वयातच लग्न झाले. माडांची निगा राखावी, नारळ उतरवावेत, विकावेत आणि दिवस काढावेत, असेच त्यांचे आयुष्य गेले असते. गावोगावच्या हजारो तरुणांचे ते तसेच जात होते.

परंतु या तरुणाला वाचनाचा नाद होता. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक त्या काळी मराठी घरांत वाचले जाई. त्यात आलेले बुद्धाचे छोटेसे चरित्र धर्मानंदांच्या वाचनात आले. तो मजकूर वाचून त्यांचे मन पार बदलून गेले. या महापुरुषाने काय सांगितले ते आपण मुळातून जाणून घ्यायचे, असा त्यांनी निश्चय केला. मुळातून हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण त्यासाठी आधी संस्कृत हवे, मग पाली हवी. आणि पाली शिकविणारे विद्यालय तर त्यांच्या जवळपास कोठेच नव्हते. त्या काळी पालीच्या ज्ञानावर आपल्याकडे कोणतीही नोकरी मिळत नव्हती. हा अभ्यास करून पुढे काय होणार, या प्रश्नाला तेव्हा काहीच नाही हेच खरे उत्तर होते.

१८९९ साली धर्मानंदांनी घर सोडले आणि ते पुण्यास आले. तेथे त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेतली आणि संस्कृतचा अभ्यास सुरू केला. पुण्याहून ते काशीस गेले. जवळ पैसा नव्हता. अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांच्या घरी पाठ घ्यावा, असा त्यांचा क्रम होता. संस्कृतचा पाया पक्का झाल्यावर बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळला गेले, पण तेथे जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली. मग बुद्धगया, आणि तेथून १९०२ साली सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल या थोर आचार्यांच्या चरणी बसून ते पाली शिकले. तेथेच त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलमध्ये ग्रंथ सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ते ब्रह्मी लोकांच्या लिपीत, युरोपात छापलेले रोमन लिपीत. म्हणजे एक भाषा शिकायची तर तीन लिप्या शिकाव्या लागत. धर्मानंद त्या शिकले. पंचविशी उलटल्यावर त्यांनी इंग्रजीचे पाठ गिरवायला घेतले. ब्रह्मदेशात जाऊन विहारात राहिले, ध्यानाचा अभ्यास केला, भारतातील बौद्ध क्षेत्रे पाहिली. अशी सुमारे सात वर्षे गेली.

या सात वर्षांविषयी वाचताना माझे मन मात्र वारंवार दुसरीकडे जाई. धर्मानंद घराबाहेर पडले तेव्हा त्यांच्या मागे तरुण पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. आपण थोर पुरुषांची चरित्रे वाचतो तेव्हा त्यांच्या गृहत्यागाचे कौतुक करतो. घरात मागे राहिलेल्या बाईने ती वर्षे कशी काढली, याकडे आपले लक्ष जात नाही. मी स्वतः सकाळी स्वयंपाक करून, मुलीला सासूबाईंच्या हवाली करून तासाला येते. माझा अर्धा अभ्यास सासूबाईंच्या कष्टावर चालला आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून बाळाबाईंना विसरून धर्मानंदांचे गुणगान करणे मला जमत नाही. ज्ञान फुकट मिळत नाही असे म्हणतात ते खरे. पण त्याची किंमत पुष्कळदा शिकणाऱ्याऐवजी दुसराच कोणी भरीत असतो. धर्मानंदांनी ते ऋण फेडले की नाही, हे पाहण्यासाठी मी पुढील पाने वाचू लागले.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले. तेथे बंगालच्या फाळणीविरुद्धच्या चळवळीतून राष्ट्रीय शिक्षणाची लाट उठली होती. चीवर बाजूला ठेवून त्यांनी गृहस्थाचा वेष घेतला आणि तेथील नॅशनल कॉलेजात पाली शिकविण्यास सुरुवात केली. सर आशुतोष मुखर्जी त्या वेळी कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यापीठातही पाली शिकविण्याचे काम धर्मानंदांकडे आले. मॅट्रिकसुद्धा न झालेला, गोव्याच्या एका खेड्यातील माणूस विद्यापीठाच्या वर्गात उभा राहिला. सात वर्षांपूर्वी जे स्थानच अस्तित्वात नव्हते ते निर्माण झाले, आणि त्यावर बसण्यास योग्य असा माणूस आधीच तयार होता. त्याच सुमारास ते गोव्यास गेले आणि पत्नीला व मुलीला भेटले. १९०७ साली त्यांना मुलगा झाला, तो दामोदर. हेच पुढे प्रसिद्ध गणिती आणि इतिहासकार झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी.

यानंतर त्यांच्या आयुष्यातील एक निर्णय येतो. आपण विद्यार्थ्यांनी त्याचा जरूर विचार करावा. कलकत्त्यास त्यांना दरमहा २५० रुपयांची जागा मिळत होती. दुसरीकडे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड दरमहा ५० रुपये देण्यास तयार होते. अट अशी की त्यांनी महाराष्ट्रात राहून अभ्यास करावा व ग्रंथ लिहावेत. धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले. आपण जे शिकलो ते आपल्या मराठी माणसांपर्यंत पोचले पाहिजे, अशी त्यांची ओढ होती. बडोद्यास दिलेल्या व्याख्यानांचे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. व्यवहारी माणूस या निर्णयाला वेडेपणा म्हणेल. पण गंमत अशी की मुंबईच्या बाजूस परत आल्यामुळेच त्यांची अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी गाठ पडली, आणि त्या ओळखीतून त्यांना साता समुद्रांपलीकडचे आमंत्रण आले.

हार्वर्ड येथे एक काम अडून पडले होते. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा बौद्ध तत्त्वज्ञानाचा महान पाली ग्रंथ. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने त्याचे संपादन हाती घेतले होते, पण ते अपुरे ठेवून तो १८९९ साली वारला. ज्या वर्षी वॉरन गेला त्याच वर्षी गोव्यातील हा तरुण घर सोडून बाहेर पडला होता, हा योगायोग मला फार हृद्य वाटतो. १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले. काम चालू झाले, पण संपादनाच्या श्रेयावरून तेथील ज्येष्ठ प्राध्यापकांशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते काम तसेच सोडून परत आले. त्यांनी पैशासाठी स्वाभिमान विकला नाही, आणि रागावून अभ्यासही सोडला नाही. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी १९१२ ते १९१८ पर्यंत पाली शिकविली. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत यांच्यासारखे पालीचे पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पाली रुजली ती या गुरुशिष्यांमुळे.

१९१८ साली हार्वर्डचे बोलावणे पुन्हा आले. या खेपेस ते माणिक आणि दामोदर या दोन्ही मुलांना बरोबर घेऊन गेले. ज्या मुलीला तान्ही असताना सोडून ते निघाले होते, तीच माणिक अमेरिकेत रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे मुलीने चौथी ओलांडली तरी लोक भुवया उंचावीत, तेव्हाची ही गोष्ट. बाळाबाईंचे ऋण यामुळे पूर्ण फिटले असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा अधिकार बाळाबाईंचाच. पण आपल्याला जे कष्टाने मिळाले ते मुलीला हक्काने मिळावे असे त्या बापाला वाटले, हे वाचून माझ्या मनातील अढी थोडी सैल झाली.

विसुद्धिमग्गासाठी धर्मानंदांना एकंदर चार वेळा अमेरिकेस जावे लागले. १९३२ साली त्यांनी आपले काम पूर्ण केले. म्हणजे पहिल्या सफरीपासून बावीस वर्षे! मधल्या काळात त्यांनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात अध्यापन केले, तेथे जैन वाङ्मयाचा अभ्यास केला. अमेरिकेत असताना ते रशियन भाषा शिकले, समाजवादाची पुस्तके वाचली, आणि पन्नाशी उलटल्यावर १९२९ मध्ये लेनिनग्राड येथे पाली शिकविण्यास गेले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजन विहार’ सुरू झाला आणि विद्यापीठे गाजविलेला हा पंडित तेथे जाऊन राहिला. विसुद्धिमग्गाची त्यांनी तयार केलेली देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० मध्ये. ती पाहण्यास ते हयात नव्हते. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ साठीच्या पुढे लिहिलेला. साहित्य अकादमीने पुढे तो अनेक भारतीय भाषांत नेला.

शेवटी शरीर थकले. आपल्या हातून आता काही कार्य होत नाही, मग इतरांवर भार कशाला, अशा विचाराने त्यांनी अन्नत्याग केला आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात देह ठेवला. त्यांचा हा शेवटचा निर्णय मला पटत नाही. थकलेल्या माणसाचा घराला भार होतो, असे मला वाटत नाही. परंतु अखेरच्या दिवसांतही त्यांची इच्छा एकच होती : विद्यार्थ्यांना लंकेत पाठवून पाली शिकवावी. गांधीजींनी ती इच्छा मनावर घेतली.

हे सर्व वाचून मी काय शिकले? आपण समजतो की आधी शिक्षण, मग नोकरी. पदवीचा कागद हाती आला की पुस्तकाची गरज संपली. धर्मानंदांच्या आयुष्यात असे दोन भाग पडतच नाहीत. ते शिकवीत असताना शिकत होते, आणि शिकत होते म्हणूनच त्यांना शिकविण्यास बोलावणी येत होती. तिशीच्या आत पाली, चाळिशीच्या पुढे रशियन, आणि साठीनंतर सोपी मराठी, जी पंडितांना सर्वांत अवघड जाते! कलकत्ता, पुणे, हार्वर्ड, लेनिनग्राड ही स्थाने त्यांच्या ज्ञानामागून चालत आली. अर्थात प्रत्येकाच्या मागून ती येतीलच असे नाही. पदवी घेऊन घरी बसलेली मुले हदगाव तालुक्यात थोडी नाहीत, आणि केवळ शिकत राहा म्हणून त्यांचे पोट भरणार नाही, हे मी जाणते. पण ज्याने शिकणे थांबविले त्याच्यासाठी नवी जागा निर्माण झाली तरी ती त्याला ओळखू येणार नाही, एवढे मात्र या चरित्रावरून मला पटले.

आमच्या गावावरून नागपूरकडे जाणारा रस्ता उमरखेड, यवतमाळवरून वर्ध्यास जातो. वर्ध्याशेजारीच सेवाग्राम. परीक्षा झाल्यावर मुलीला घेऊन एकदा तेथे जाऊन यावे असे मनात आहे. मी ग्रंथालयातून पालीचे प्रवेशपुस्तक आणले आहे आणि रात्री मुलगी झोपल्यावर एकेक पान वाचते. गेल्या पौर्णिमेला विहारातून परतताना तिने मला पंचशिलातील ‘वेरमणी’ या शब्दाचा अर्थ विचारला. वेरमणी म्हणजे दूर राहणे, त्यापासून विरत होणे, असे मी तिला सांगितले. तिच्या वयाची असताना मीही आईला हेच विचारले असते, तर आईला सांगता आले नसते. आईचा त्यात दोष नव्हता. तिला कोणी शिकविले नव्हते. मला नोकरी कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर अजूनही माझ्यापाशी नाही. पण शिकून काय करणार, याचे उत्तर मला त्या रात्री वाटेतच मिळाले.