लिस्बन सावरणारा पोंबाल
गोव्यातले इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद करविणारा मंत्री म्हणून पोंबाल आपल्या परिचयाचा. मला तो आठवतो लिस्बनच्या राखेत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, समुद्राची लाट आणि आग यांनी ते शहर उद्ध्वस्त झाले. राजा जोझे असा धसकला, की पुन्हा दगडी वाड्यात राहिला नाही. ५६ वर्षांच्या पोंबालने रोगराईच्या धास्तीने प्रेते समुद्रात सोडविली, धान्याचे भाव बांधले, लुटारूंना फासावर चढविले. गावोगावच्या पाद्र्यांकडून धक्का किती वेळ टिकला, माणसे किती दगावली, हे लिहून मागविले. ही चौकशी मला सर्वांत मोलाची वाटते. नवी घरे लाकडी सांगाड्यावर उभी राहिली. त्याच माणसाने राजावरील हल्ल्याच्या आरोपाखाली १७५९ मध्ये ताव्होरा घराणे निर्दयपणे संपविले. तेथे माझी लेखणी अडखळते. १७७७ मध्ये राजा गेला, पाठोपाठ सत्ताही. १७८२ मध्ये पोंबाल राजधानीपासून दूर वारला.