नांगराच्या जाहिरातीपासून ‘स्त्री’पर्यंत : शं. वा. किर्लोस्कर

स्मरणिकेसाठी एखाद्या दिवंगत थोर व्यक्तीचा परिचय लिहायचे माझ्याकडे आले, तेव्हा मी शंकर वासुदेव किर्लोस्कर यांचे नाव सुचवले. मराठीच्या बाईंना कदाचित आश्चर्य वाटेल, कारण शाळेत माझा ओढा गणिताकडे होता आणि आज मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण आमच्या क्षेत्रातले बरेचसे काम म्हणजे माणसाचे मन ओळखून त्याच्यासमोर शब्द ठेवणे हेच असते. बटणावर काय लिहिले की लोक ते दाबतात, कोणत्या वेळी सूचना पाठवली की मोबाइल हातात घेतला जातो, याचा रोज हिशेब होतो. हेच काम मराठीत शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने केले आणि त्यातून भलतेच काही उभे केले. त्यांची ही ओळख.

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा, सोलापूरचा. उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यांचे काका. शंकररावांना लहानपणापासून नाद होता चित्रकलेचा. त्यासाठी ते थेट लाहोरला पंडित सातवळेकरांकडे गेले. वेदांचे अभ्यासक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच हे सातवळेकर; त्या काळात ते चित्रकार म्हणून नावाजलेले होते. चित्रकार व्हायला निघालेला हा तरुण शेवटी काकांच्या कारखान्यात आला, आणि त्याच्याकडे काम आले मालाच्या प्रसिद्धीचे.

हे काम किती अवघड होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. लक्ष्मणरावांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष कालवले जाते, अशी समजूत होती. नांगर चांगला होता, तो चालवून दाखवता येत होता, तरीही माल पडून राहिला. म्हणजे अडचण यंत्रात नव्हती, ती घेणाऱ्याच्या मनात होती. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या ३२ एकर माळावर किर्लोस्करवाडी वसली. नांगर, कडबा कापायचे यंत्र, उसाचा चरक असा माल तिथे तयार होऊ लागला. पण तो विकायचा तर आधी गिऱ्हाइकाच्या मनातली भीती आणि सवय ओलांडायला हवी होती.

शंकररावांनी त्यासाठी जानेवारी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. सरळ सांगायचे तर ते कारखान्याचे जाहिरातपत्र होते. पण निव्वळ यंत्रांची स्तुती कोण वाचणार, हे त्यांनी ओळखले. त्यामुळे मालाच्या माहितीबरोबर वाचणाऱ्याच्या उपयोगाचा मजकूर येऊ लागला : धंदा कसा करावा, नवे शोध कोणते, जगात काय चालले आहे. चित्रे आणि व्यंगचित्रे काढायला स्वतः शंकरराव होतेच. वाचकाच्या पदरात आधी काहीतरी पडू द्यायचे आणि मग आपले म्हणणे सांगायचे, असा तो क्रम होता.

योगायोग असा, की १९२० हेच वर्ष जाहिरातीच्या जागतिक इतिहासातही महत्त्वाचे आहे. अमेरिकेत जॉन वॉटसन हा नामांकित मानसशास्त्रज्ञ त्या वर्षी विद्यापीठातून बाहेर पडला आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीत गेला. भीती, प्रेम, राग या मूळ भावनांना हात घातला की माणूस वस्तू घेतो, अशी त्याची धारणा होती. तीच कंपनी १९२९ मध्ये मुंबईत आली. वॉटसनजवळ प्रयोगशाळा होती. शंकररावांजवळ पंतप्रतिनिधींच्या मुलखातला एक माळ, एक छापखाना आणि चित्रकाराची नजर होती. माणसाचे मन दोघांनीही हेरले. फरक पडला तो पुढच्या टप्प्यात.

वाचक जोडला गेल्यावर शंकररावांपुढे दोन वाटा होत्या. त्याला आणखी माल विकता आला असता. त्यांनी अंक हळूहळू जाहिरातपत्र राहू दिला नाही. ‘खबर’ हा परकी शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या आग्रहानंतर गळाला आणि नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. सावरकर रत्नागिरीला स्थानबद्ध असतानाच्या काळात त्यांचे विज्ञाननिष्ठेवरचे, रूढींवर घाव घालणारे लेख या मासिकाने छापले. कारखान्याच्या पैशावर चालणाऱ्या अंकाने जुन्या वळणाच्या गिऱ्हाइकाला दुखावणारे लेख छापावेत, हा व्यवहाराच्या दृष्टीने मोठाच धोका होता. लोखंडी नांगराविषयीची समजूत आणि सोवळ्या-ओवळ्याची समजूत यांचे मूळ एकच आहे, हे शंकररावांना दिसले असावे, असे मला वाटते. एक दूर करायची आणि दुसरीला हात लावायचा नाही, हे त्यांना पटणारे नव्हते.

१९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले. बायकांचे मासिक म्हणजे पाककृती आणि भरतकाम, या चौकटीत ते बसले नाही. शिक्षण, नोकरी, विवाह, विधवांचे प्रश्न यांवर त्यात मोकळेपणाने लिहिले गेले आणि बायकांनी स्वतः लिहिले. ज्या घरांत बाईच्या नावाने पत्रही येत नसे, तिथे तिच्यासाठी दर महिन्याला अंक येणे ही केवढी गोष्ट असेल! १९३४ मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’ आले. घरातला कर्ता पुरुष, बाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा अशा तिघांसाठी तीन मासिके. आज याला आम्ही वापरकर्त्यांचे गट पाडणे म्हणतो. मात्र आमचे गट बहुतेक वेळा कोण किती खर्च करील यावर पडतात. शंकररावांचे गट कोणाला काय कळायला हवे यावर पडले होते.

पुढे ही मासिके पुण्यात, आपल्या मुकुंदनगरात आली. आपल्यापैकी अनेकांच्या आजीच्या किंवा आईच्या कपाटात ‘स्त्री’चे जुने अंक असतील. शंकररावांनंतर त्यांचे पुत्र मुकुंदराव आणि शांताबाई किर्लोस्कर यांनी हे काम सांभाळले. ‘स्त्री’च्या संपादनातूनच विद्या बाळ पुढे आल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. नांगर खपवण्यासाठी लावलेल्या रोपाची ही फांदी कुठवर गेली पाहा. उत्तरायुष्यात शंकररावांनी ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र लिहिले. १ जानेवारी १९७५ रोजी, बरोबर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, ते गेले.

आपल्या वर्गातले कितीतरी जण आज विक्री, बँका, औषधकंपन्या, सॉफ्टवेअर अशा क्षेत्रांत आहेत. दुसऱ्याचे मन वळवणे हा आपल्या पोटापाण्याचा भाग आहे, आणि त्याची साधने आपल्या हाती शंकररावांपेक्षा हजारपटींनी अधिक आहेत. मन वळवण्यात वाईट काही नाही; लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या फायद्याचाच होता. आपण तपासायची गोष्ट एकच : आपला मजकूर वाचून झाल्यावर समोरचा माणूस स्वतः विचार करायला अधिक समर्थ झाला, की अधिक परावलंबी झाला? शंकररावांच्या वाचकांना पुढे त्यांच्याशी वाद घालता येऊ लागला, ‘स्त्री’च्या वाचक लेखिका झाल्या. आपली मुले आता मोबाइलवर दिवसभर असाच कोणाचा तरी मजकूर वाचत असतात. तो लिहिणाऱ्यांत, तो तयार करणाऱ्यांत आपणही आहोत. म्हणून ज्यांना आपल्या विद्यार्थ्यांनी उलट प्रश्न विचारलेले आवडायचे, त्या आपल्या शिक्षकांना हा लेख आदरपूर्वक अर्पण.