मायकेल सर्व्हेटस

मायकेल सर्व्हेटस (जन्म : इ.स. १५११ च्या सुमारास, मृत्यू : २७ ऑक्टोबर १५५३) हे स्पॅनिश वैद्य व ख्रिस्ती धर्मचिंतक होते.

तुलूझ येथे कायद्याचे शिक्षण घेत असताना त्यांनी बायबलचा अभ्यास केला. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याच्या रूढ सिद्धान्ताला बायबलचा आधार नाही, असे प्रतिपादन त्यांनी १५३१ मध्ये ग्रंथरूपाने केले. येशू हा देवाचा पुत्र आहे, हे त्यांना मान्य होते; मात्र पुत्र म्हणून तो अनादी आहे, हे मान्य नव्हते. या मतामुळे कॅथलिक व प्रोटेस्टंट असे दोन्ही पक्ष त्यांच्या विरोधात गेले. त्यामुळे नाव बदलून ते फ्रान्समध्ये राहिले आणि वैद्यकी करू लागले.

१५५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या धर्मविषयक ग्रंथात रक्त हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसांमार्गे डाव्या भागात जाते, याचेही वर्णन आहे. याच ग्रंथामुळे व्हिएन येथे त्यांना अटक झाली. तुरुंगातून निसटून ते जिनिव्हात आले व तेथे पुन्हा पकडले गेले. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांनी त्यांच्यावरील आरोपांचा पाठपुरावा केला. कॅल्व्हिन यांनी शिरच्छेद सुचविला होता. परंतु नगरपरिषदेच्या निर्णयानुसार शांपेल येथे त्यांना जिवंत जाळण्यात आले. अखेरच्या प्रार्थनेतही त्यांनी ‘अनादी’ हे विशेषण पुत्राला न लावता देवालाच लावले, असे सांगितले जाते.

पुढील वर्षी सेबास्तियन कास्तेलिओ यांनी धर्ममतासाठी देहदंड देण्याच्या प्रथेविरुद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०३ मध्ये कॅल्व्हिन यांच्याच अनुयायांनी शांपेल येथे प्रायश्चित्तादाखल स्मारकशिला उभारली.