औंधचा चित्रकार राजा

औंधला जाणाऱ्या शालेय सहलींचा क्रम बहुधा ठरलेला असतो. मूळपीठाच्या डोंगरावर यमाईचे दर्शन, वाटेत संग्रहालयाची धावती फेरी आणि मग डबे सोडावयाचे. संग्रहालय पाहावयाचे म्हणजे राजेलोकांच्या मौल्यवान वस्तू पाहावयाच्या, अशी आपली समजूत असते. श्रीभवानी संग्रहालयात मात्र वस्तूंपेक्षा त्या जमविणारा राजाच अधिक पाहण्याजोगा आहे.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. परशुराम त्र्यंबकांपासून चालत आलेले हे घराणे मानाने थोर. पण संस्थान अवघ्या ७२ गावांचे, तेही तुटक आणि बहुतांशी अवर्षणग्रस्त मुलखात विखुरलेले. बडोदे किंवा ग्वाल्हेरचे वैभव येथे कोठून असणार? डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेले बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना संस्थानच्या माळरानावर उभा राहू लागला.

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायण चित्रांतून मांडले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनी भरघोस साहाय्य देऊ केले, ते ती सचित्र व्हावी या आग्रहासह. त्यांची स्वतःची चित्रे रविवर्म्याच्या चित्रांशेजारी फिकी वाटतात, हे मान्य करावयास हवे. परंतु स्वतः कुंचला हाती धरणाऱ्याची नजर निराळी असते. त्या नजरेनेच रविवर्म्याची मूळ चित्रे, बंगाली शैलीतील चित्रे आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती एका आडगावी आणल्या. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि बालक हे पाषाणशिल्प साताऱ्याच्या एका टेकडीवर असावे, याचे आश्चर्य पाहणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही. या सर्वांसाठी १९३८ मध्ये संग्रहालय उभे राहिले, आणि तेही यमाईच्या वाटेवर. देवीच्या दर्शनास निघालेल्या शेतकऱ्याच्या पायाखालचीच ती वाट आहे.

सूर्यनमस्कारांचा त्यांचा ध्यास सर्वश्रुतच आहे. संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे होते. पहाटेच्या थंडीत ती सक्ती मुलांना कितपत गोड वाटली असेल, हा प्रश्न निराळा! ते कीर्तनही करीत आणि १९३५ मध्ये इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. असा छंदिष्ट राजा आपण कौतुकाने पाहतो आणि सोडून देतो. येथेच आपली चूक होते.

कारण ज्या साली संग्रहालय झाले, त्याच साली सत्तरीतल्या या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा संकल्प जाहीर केला. पुत्र अप्पासाहेब आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींचा सल्ला घेतला आणि १९३९ च्या जानेवारीत औंधला घटना मिळाली. गावाने पंचायत निवडावयाची, पंचायतींतून तालुका आणि तालुक्यांतून विधिमंडळ उभे राहावयाचे, अशी ती रचना होती. इतर संस्थानिक प्रजापरिषदांच्या कार्यकर्त्यांना तुरुंगात डांबीत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहतही याच प्रयोगातून निघाली. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट तिच्यावरूनच सुचला आणि त्याची कथा लिहिणारे माडगूळकर औंध संस्थानातच वाढलेले होते.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५१ मध्ये बाळासाहेब निवर्तले. चित्रे भिंतीवर टिकली. घटना मात्र काचेच्या कपाटात मांडून दिसणारी वस्तू नव्हे. ती शिक्षकानेच सांगावी लागेल. डोंगर चढण्यापूर्वी मुलांना खाली बसवून अर्धा तास दिला तरी पुरे. आणि जमल्यास एका दिवसाची सहल दोन दिवसांची करून दुसऱ्या दिवशी गाडी आटपाडीकडे वळवावी.