रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ क्रिस्टियान कार्ल डिझेल (जन्म : पॅरिस, १८ मार्च १८५८, मृत्यू : २९ सप्टेंबर १९१३) हे जर्मन यंत्र-अभियंते होते. संपीडनाच्या उष्णतेने इंधन पेटवणाऱ्या इंजिनाचे ते जनक असून त्या इंजिनाला आणि पुढे त्याच्या इंधनालाही त्यांचेच नाव मिळाले. डिझेलबरोबर वायू जाळून इंधनखर्च कमी करण्याची जी खटपट आज मालवाहतुकीच्या धंद्यात चालते, तिचे मूळही त्यांच्याच कामात आहे. ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते.

बालपण व शिक्षण

डिझेल यांचे आईवडील मूळचे जर्मन होते, परंतु पॅरिसमध्ये स्थायिक झाले होते. वडील थिओडोर चामड्याच्या वस्तू बनवीत. १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन वंशाच्या इतर अनेकांप्रमाणे या कुटुंबालाही पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. तेथे हाताला काम नव्हते. बारा वर्षांच्या रुडॉल्फला मग आउग्सबुर्ग येथील नातेवाइकांकडे धाडण्यात आले. ज्यांच्या घरी तो राहिला ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. परक्या घरी वाढलेल्या या मुलाने चौदाव्या वर्षीच अभियंता होण्याचे ठरवले आणि शिष्यवृत्तीच्या बळावर म्युनिक येथील तंत्रशाळेत प्रवेश मिळवला.

तेथे त्यांना कार्ल फोन लिंडे हे गुरू लाभले. शीतकरण यंत्रांचे प्रवर्तक म्हणून लिंडे प्रसिद्ध आहेत. वाफेच्या यंत्रात कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा उपयोगी पडतो व बाकीची वाया जाते, हे लिंडे यांच्या व्याख्यानांतून डिझेल यांना कळले आणि तो विचार त्यांच्या मनात घर करून बसला. १८७९ मध्ये विषमज्वरामुळे त्यांची अंतिम परीक्षा चुकली. मधल्या काळात त्यांनी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झुल्त्सर बंधूंच्या कारखान्यात हाताने काम केले आणि १८८० मध्ये ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. पुढील दशक पॅरिस येथे लिंडे यांच्या बर्फाच्या व्यवसायात गेले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन अपत्ये झाली.

इंजिनाचा शोध

हवा जोराने दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, ते यामुळेच. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने इतकी दाबावी की तिच्यात फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेईल, ही डिझेल यांची कल्पना. तिचे पेटंट त्यांना २३ फेब्रुवारी १८९३ रोजी मिळाले. त्याच वर्षी त्यांनी या तत्त्वावर एक ग्रंथही प्रसिद्ध केला. आउग्सबुर्गच्या यंत्र-कारखान्याचे प्रमुख हाइनरिख फोन बुत्स यांनी जागा व कारागीर दिले आणि क्रुप कंपनीने पैसा पुरवला.

कागदावरचे गणित व कारखान्यातील लोखंड यांचे जुळायला चार वर्षे लागली. १० ऑगस्ट १८९३ च्या पहिल्या चाचणीत इंधन पेटले खरे, पण दाब मोजण्याचे उपकरणच फुटून उडाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारलेले इंजिन स्वतःच्या शक्तीने सुमारे मिनिटभर चालले. मूळ आराखड्यातील अवाढव्य दाब व्यवहारात साधणे अशक्य ठरले, तेव्हा डिझेल यांनी तो बराच खाली आणला. त्यामुळे तयार झालेले इंजिन पेटंटातल्या वर्णनाशी जुळत नाही, असा आक्षेप विरोधकांनी पुढे घेतला. तो अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. अखेर १८९७ मध्ये प्राध्यापक मोरित्स श्रॉटर यांनी २० अश्वशक्तीच्या इंजिनाची जाहीर चाचणी घेतली, तेव्हा त्याची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या काळी हा आकडा थक्क करणारा होता.

लहान कारागिराला स्वतःचे स्वस्त यंत्र मिळावे आणि मोठ्या कारखान्यांपुढे त्याने टिकाव धरावा, अशी डिझेल यांची मनीषा होती. प्रत्यक्षात त्यांची पहिली इंजिने अवजड व महाग निघाली आणि ती घेतली मोठ्या कारखान्यांनी व जहाज कंपन्यांनीच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एका कंपनीने असे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले.

वायू व डिझेल यांचे मिश्र ज्वलन

१९०१ मध्ये अमेरिकेत मिळालेल्या एका पेटंटात डिझेल यांनी आणखी एक युक्ती मांडली. सहज न पेटणारे इंधन हवेत मिसळून, ते पेटणार नाही इतपतच दाबावे आणि मग लवकर पेटणाऱ्या इंधनाचा लहानसा फवारा सोडून सगळे मिश्रण पेटवावे. आजच्या द्वि-इंधन इंजिनांचे तत्त्व हेच आहे. डिझेल सुमारे २१० ते २५० अंश सेल्सियसला आपोआप पेटते, तर प्रोपेनला सुमारे ४७० अंश लागतात. म्हणून प्रोपेन हवेबरोबर आत घेता येतो आणि डिझेलचा फवारा काडीचे काम करतो.

भिवंडी परिसरातील गोदामांमुळे टेमघर, राजनोली या भागांतील रस्त्यांवर ट्रकची वर्दळ अखंड असते. अशा व्यवसायात डिझेलचा खर्च हाच मोठा, त्यामुळे या युक्तीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हिशेब नीट मांडावा लागतो. एक लिटर द्रव प्रोपेनमध्ये सुमारे २५ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६. म्हणजे लिटरमागे वायू स्वस्त दिसला तरी तेवढ्याच कामाला तो जास्त लागतो. बचत होते ती ऊर्जेच्या मानाने दर कमी असेल तरच. वायूचे प्रमाण वाढले की मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके देते व दट्ट्याला इजा पोहोचते. उलट भार हलका असताना पातळ मिश्रण पुरते जळत नाही आणि वायू धुराड्यातून तसाच निघून जातो. भारतात घरगुती सिलिंडरमधील गॅस वाहनात वापरणे हा गुन्हा आहे. वाहनासाठी वेगळा गॅस, मान्यताप्राप्त टाकी व नोंदणीतील बदल आवश्यक असतो.

अखेरची वर्षे

कीर्ती आली, पैसाही आला. अमेरिकेतील हक्क आडॉल्फस बुश या मद्यनिर्मात्याने दहा लाख मार्कांना घेतले. परंतु पेटंटांचे वाद, प्रकृतीचा ढासळता तोल आणि जमीनजुमल्याच्या व्यवहारांतील तोटा यांनी डिझेल यांना पोखरून काढले. म्युनिकमधील प्रशस्त बंगला बाहेरून वैभव दाखवीत होता, आत कर्जे वाढत होती. १९०३ मध्ये त्यांनी श्रमिकांच्या सहकारावर आधारलेल्या समाजरचनेचे पुस्तक लिहिले. त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या सायंकाळी ते अँटवर्पहून हारविचला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर चढले. रात्रीचे जेवण झाल्यावर, सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी होती व बिछाना वापरलेला नव्हता. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह आढळला. खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेतल्या आणि मृतदेह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे पुत्र ऑइगेन यांनी ओळखले. घातपाताच्या अनेक कथा रचल्या गेल्या, पण त्यांना पुरावा नाही. कर्जाचा डोंगर पाहता आत्महत्येची शक्यताच बहुतेक चरित्रकारांना अधिक वाटते.

वारसा

डिझेल यांच्या हयातीत त्यांचे इंजिन ट्रकमध्ये बसण्याइतके हलके झाले नव्हते. १९२३-२४ च्या सुमारास बेंझ व मान या जर्मन कंपन्यांनी डिझेलवर चालणारे ट्रक तयार केले. १९२७ पासून बॉश कंपनीचे इंधन-पंप मिळू लागल्यावर त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली. तिची इंजिने विहिरींवर, गिरण्यांत व गुऱ्हाळांत पोहोचली. लहान कारागिराच्या हाती यंत्र देण्याचे डिझेल यांचे स्वप्न काही अंशी खरे झाले ते असे, त्यांच्यानंतर तीन-चार दशकांनी. १८९७ च्या चाचणीतील इंजिन म्युनिकच्या जर्मन संग्रहालयात ठेवलेले आहे.